नाताळच्या बिअरचं विरजण

१० नोव्हेंबर

मेलं! नाताळच्या बिअरचं आमचं घरचं विरजण मेलं — आणि मारलं मी.

काल दुपारपासून पीप गप्प आहे. फेस नाही, बुडबुडा नाही. सातूचा काढा दुधाइतका कोमट होऊ द्यायचा, कोपर बुडवून बघायचं, मगच विरजण टाकायचं — हे मला शाळेत असल्यापासून ठाऊक. पण काल घाई झाली. वाफ निघत असतानाच टाकलं. तेही अर्धं नाही, सगळी बरणी! अर्धं मागे ठेवायचं, हे बाबांनी शंभरदा सांगितलेलं. मला वाटलं, जास्त टाकलं की जोमात चढेल. हावरट बाई.

माझ्या पणजीपासून चालत आलेलं. बाबांचे गुडघे गेले म्हणून यंदा पहिल्यांदा बरणी माझ्या हाती आली.

११ नोव्हेंबर

खरं तर उपाय सोपा आहे. विरजण गेलं की शेजारी जाऊन मागायचं. खोऱ्यात सगळेच मागतात, त्यात लाज कसली! आणि शेजारच्या हाल्वरकडचं तर आमचंच — त्याच्या लग्नाच्या वर्षी बाबांनी दिलेलं. आमच्याशिवाय ते फक्त त्याच्याकडेच आहे.

पण मागच्या नाताळात त्याच्याच घरी, भरल्या बैठकीत मी म्हणाले होते, "हाल्वर, आमच्या विरजणाची पार वाट लावलीस रे. आंबट लागतंय!" सगळे हसले. तो लाकडं आणायला म्हणून बाहेर गेला आणि बराच वेळ आलाच नाही. आता कुठल्या तोंडानं जाऊ?

१२ नोव्हेंबर

व्हॉसच्या बाजारात जाऊन दुकानातलं यीस्टचं पाकीट आणलं. टाकलं. फसफसलं. रिकामं पाकीट शेगडीत जाळलं.

बाबांनी माडीवरून विचारलं, चढलं का गं? चढलं म्हणाले. या वयात बापाशी खोटं!

१६ नोव्हेंबर

पीप उघडलं. रीतीप्रमाणे शेजारी चाखायला आले. मी उगाचच बडबडत होते — काढ्यात घालायच्या जुनिपरच्या फांद्या यंदा कुठून तोडल्या, काढा किती वेळ उकळला. बाबांनी घोट बराच वेळ तोंडात धरला. चांगली आहे, म्हणाले. इतकंच. मग आत जाऊन आडवे झाले.

हाल्वरला मात्र फार आवडली. निघताना त्यानं सगळ्यांसमोर खिशातून बरणी काढली. "सुन्निवा, थोडं विरजण देशील? तू बोललीस ते खरंच होतं. माझं बिघडलंय."

विरजणाला इथे कुणी नाही म्हणत नाही. पिपाच्या तळाशी बसलेलं भरून दिलं — पाकिटातलंच. त्यानं दोन्ही हातांनी घेतलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१८ नोव्हेंबर

बिअर छोट्या पिपात काढली. संत्र्याची साल, लवंगा घातल्या आणि तळघरात मुरायला ठेवली. मसाल्यानं तरी चव झाकली जावी.

६ डिसेंबर

चाखली. झकास मुरली आहे. निदान वाईट तरी व्हायची!

१९ डिसेंबर

झोप नाही, जेवण नाही. शेवटी आज गेले हाल्वरकडे. सगळं सांगायचं आणि त्याचं जुनं मागून आणायचं, असं ठरवूनच. आंबट तर आंबट, आपलं तरी आहे. आधी इकडचं तिकडचं बोलले. मग सहज विचारल्यासारखं केलं — जुनं विरजण ठेवलंयस ना?

"ते होय? शेगडीत घातलं. मूळ घरचं मिळाल्यावर ते कशाला ठेवू?"

आणि हसला. मनापासून. मागचं सगळं विसरून.

कॉफी प्याले. केकचा तुकडा खाल्ला. त्याच्या बायकोनं आणखी एक वाढला, तोही खाल्ला. घरी आले. भित्री! भित्री आणि लबाड.

२४ डिसेंबर

मेंढीच्या फासळ्या वाढत होते. बाबांनी मनगट धरलं.

"ही बिअर आपल्या विरजणाची नाही. पहिल्या घोटालाच कळलं मला. तू सांगशील म्हणून थांबलो होतो. रडू नकोस, पोरी. आपलं हाल्वरकडे आहेच की. सण झाला की जा, घेऊन ये."

आणते म्हणाले.