थांबायची अट

८ जुलै, सोमवार
सातवीला आज संगणक न लावता संगणक शिकवला. मी यंत्र, मुलं आज्ञा देणार – सांगतील तेवढंच करायचं, अक्कल चालवायची नाही. बाटली उघडा म्हणाले, उघडली. पाणी ओता म्हणाले, पण कशात ते सांगितलंच नाही! टेबलावर ओतलं. वर्ग हसून हसून लोटपोट. मी हसले नाही, हे घरी आल्यावर लक्षात आलं.

९ जुलै
काही नाही.

१० जुलै, बुधवार
सासूबाईंचा फोन. ढमीला आमच्याकडे पाठव, इकडच्याच शाळेत घालू म्हणाल्या. नवरा गेल्यापासून तू काही सावरली नाहीस, थोडा आराम कर म्हणाल्या. बरं म्हटलं. फोन ठेवून भांडी घासली.
पोटची पोर पाठवायची आणि मला काहीच वाटत नाही! ढमी शेजारीच गणितं सोडवत होती. तिने मान वर केली नाही.

११ जुलै, गुरुवार
आज यंत्राला चालवायचं होतं. "पुढे चाला," मागच्या बाकावरची वेणीवाली म्हणाली. चालले. फळा आला. थांबा असं कोणी म्हणेना, म्हणून चालतच राहिले – कपाळ फळ्याला टेकलेलं, पाय जागच्या जागी. आधी खसखस पिकली, मग वर्ग चिडीचूप. खरं सांगायचं तर खेळ चाललाय हेच मी विसरले होते.
वेणीवाली उठून आली. माझा हात धरला.
"मॅडम, चूक आमची आहे. कधी थांबायचं ते सांगायचं राहिलं."
शाब्बास म्हटलं. 'थांबायची अट' असं फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं. मधल्या सुट्टीत कपाळ दुखायला लागलं. काहीतरी दुखतंय, याचंच बरं वाटलं.

१२ जुलै, शुक्रवार
आज मीच सासूबाईंना फोन लावला. ढमी कुठेही जाणार नाही, ती माझ्याजवळच राहील. चक्क आवाज चढला माझा! किती महिन्यांनी. वाटलं, आता भांडतील. भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "एकदा तिच्याशी बोल गं."

१३ जुलै, शनिवार
बोलले.
"आजीला मीच सांगितलं होतं, मला घेऊन जा म्हणून," ढमी म्हणाली. "इथे घरात कोणीच नसतं."
मी तिच्यासमोरच बसले होते. परवा कपाळाला लागलं, त्याहून जास्त लागलं.