ढिल्या डमीवरचं प्रशिक्षण

गुरुवार, संध्याकाळी सात

राग अजून उतरलेला नाही.

पारनेरच्या बाजारात एका दुकानाची आग विझवली. दुकानाचे मालक धुरातून बाहेर आले आणि तिथंच कोसळले. श्वास बंद. मी लगेच गुडघ्यावर बसून छाती दाबायला लागलो. बरोबर करतोय असंच वाटत होतं. सीपीआरच्या प्रशिक्षणात माझा पहिला नंबर! तेवढ्यात ॲम्ब्युलन्समधल्या डॉक्टरबाईंनी मला बाजूला सारलं.

"दादा, किती हलकं दाबताय! छाती दोन इंच खाली गेली पाहिजे."

त्या अंगाचा सगळा भार टाकून दाबत होत्या. तेव्हा कळलं, खऱ्या माणसाची छाती किती टणक असते. मालक वाचले.

आम्ही ज्या पुतळ्यावर छाती दाबायला शिकतो, त्या डमीची स्प्रिंग केव्हाचीच ढिली झालीय. नुसता तळवा टेकवला तरी छाती खाली जाते. तिच्यावर दाबून आम्ही सगळे पास!

दवाखान्यात मालकांच्या बायकोनं माझ्यापुढं हात जोडले. "भाऊ, तुमच्यामुळं हायेत हे." मान वर करता आली नाही.

अग्निशमन केंद्रावर येऊन साहेबांना स्प्रिंगचं सांगितलं. म्हणाले, "सर्टिफिकेट आहे ना तुझ्याकडं? मग झालं." वर यंदाच्या सरावाचा कागद सहीला पुढं केला. सराव अजून झालेलाच नाही!

मी सही केली नाही.

"नोटीस काढीन."

"काढा, साहेब."

आमच्या गाडीचा ड्रायव्हर सोनवणे सहीसाठी मागंच उभा होता. त्यानं पेन काढलं, कागद उचलला, नीट वाचला आणि पेन परत खिशाला लावलं.