आशीर्वादाचा तिसरा कप

सेंदाई, जपान, मे २०१४, रविवार

आमच्या लॅबमधल्या अल्माझने आज आमच्या शहर-वॉर्डाच्या सार्वजनिक हॉलमध्ये इथिओपियाची ओळख करून दिली, आणि वेळेची घंटा माझ्या हातात! लोक, शेती, निर्यात तिने वीस मिनिटांत उरकलं. मग संस्कृती म्हणून तिथेच कॉफीच्या बिया भाजायला घेतल्या. दुसरा कप संपला तेव्हा हॉल रिकामा करायची वेळ झाली. मी घंटा बडवली.

"तिसरा कप आशीर्वादाचा. तो घेतल्याशिवाय उठायचं नसतं," ती म्हणाली.

हॉलचे व्यवस्थापक सातो-सान घामाघूम. त्यांना नियम मोडवेना, पाहुणीचं मनही मोडवेना. शेवटी त्यांनीच शेगडी उचलली आणि आम्ही सगळे सायकल स्टँडवर तिसरा कप प्यायलो. कशाला एवढी घंटा बडवली मी? सातो-सान तर रिकामा कप पुढे करून हळूच विचारत होते, "चौथा नसतो का?"