माझ्याही मानेत स्क्रू

अप्पा, माझ्याही मानेत आता स्क्रू बसणार. तुमचे चार मणके जोडले होते, माझे दोनच, म्हणजे तुम्हीच पुढे. डॉक्टर म्हणाले, मणक्यांमधली गादी सरकून नस दाबतेय. ती काढायची, मधे हाडाचा तुकडा बसवायचा, वर प्लेट. मी विचारलं, "सर, वॉरंटी किती?" ते हसले नाहीत. उजव्या हाताची बोटं बधिर झालीत. टी. नगरच्या बाजारात मोबाईल दुरुस्त करणाऱ्याची बोटंच गेली तर उरलं काय? थांबलास तर हात परत येईलच असं नाही, म्हणाले. मी हो म्हणून आलो. फक्त आईला अजून सांगितलं नाही. तुमच्या वेळचं सगळं तिनं एकटीनं काढलं, म्हणून माझं तोंडच उघडत नाही.

तुम्ही साडीच्या दुकानात, दिवसभर मान खाली घालून पदर उलगडणार. गिऱ्हाइकानं "कमी करणार का?" विचारलं की मान अशी डोलवायचात की ते होही नाही आणि नाहीही नाही. घरीही तेच. मी सिनेमाला पैसे मागायचो, मान डोलायची, मी हो समजून तुमच्या खिशात हात घालायचो. मग ऑपरेशन झालं. गळ्यात पट्टा, आवाज बसलेला, आई पातळ रसम-भात भरवतेय आणि तुम्ही डोळे वटारून "पोदुम, पोदुम," पुरे, पुरे करताय. मी मागून ओरडतो, "अप्पा, पाल!" मान वळत नाही म्हणून तुम्ही अख्खेच्या अख्खे वळता, देवळाचा रथ कोपऱ्यावर वळतो तसे. आई पळी घेऊन माझ्या मागे. "माणूस आजारी नि तुला खेळ सुचतो?" तुम्ही घोगऱ्या आवाजात म्हणालात, "अगं, राहू दे. घरात हा एकटाच मला आजारी समजत नाही."

पट्टा निघाला, पण ते डोलणं काही परत आलं नाही. दुकानात तोंडानं सांगायला लागलं, "नाही अम्मा, कमी होणार नाही." मालक घाबरला! घरी मी दहावीला गणितात आपटलो. तुम्हाला खाली बघता येईना, म्हणून निकाल डोळ्यांसमोर धरलात. पूर्वी नुसती मान हलवली असतीत. त्या दिवशी बोललात. "नापास झालास. मला वाईट वाटलं. पण तुझं डोकं चालतं, ते हातांना लाव." एवढं सलग तुम्ही माझ्याशी कधी बोलला नव्हतात. मी मोबाईलचं काम शिकायला गेलो ते त्यावरून. पुढे तुम्ही गेलात ते हृदयानं. मान शेवटपर्यंत ठणठणीत होती.

काल माझ्या हातून कॉफीचा पेला सुटला. आई म्हणाली, "लक्ष कुठंय रे?" म्हटलं, "जादूचा प्रयोग होता, पेला गायब व्हायला हवा होता." ती हसली नाही. फरशी पुसता पुसता माझ्या बोटांकडे बघत राहिली. तिनं हे आधी पाहिलंय, अप्पा.

आत्ता ती आत वांगी चिरतेय. हा कागद कुठे पाठवायचा नाही, ते तुम्हालाही कळलं असेल. तिला कसं सांगायचं त्याची रंगीत तालीम केली तुमच्यावर. तुम्ही रडणार नाही, म्हणून सोपं गेलं. आता उठतो आणि आत जातो. एकही विनोद सुचत नाहीये.