कडावचं स्वतंत्र टेलिव्हिजन

२ फेब्रुवारी १९८६, रविवार
निश्चय झाला. दिल्लीच्या हिंदी बातम्या आणि मुंबईचे पिक्चर यांच्यामध्ये कडावला स्वतःचा चेहरा हवा. गजा व्हिडिओवाल्याने दुकानातून बत्तीस घरांत वायर टाकलीय. त्याच्याकडे दर रविवारी अर्धा तास मागितला. म्हणाला, “मास्तर, द्या तुमी भाषान. पन पिच्चरच्या आदी आटपा.” साडेपाचची वेळ मिळाली.

५ फेब्रुवारी
धोरण पक्कं. जाहिरात नाही, गाणी नाहीत. लग्नात धवले गाणारी मोतीबाई येऊन गेली. “माजं गानं घ्याल का वो, मास्तर?” नाही म्हटलं. टेलिव्हिजन म्हणजे मांडव नव्हे. (वाक्य झकास. भाषणात घालणे.)

१० फेब्रुवारी
गजा कॅमेऱ्याचं भाडं मागतो. पेंडीचे दुकानदार येसाजी देणार आहेत. अट एकच, मध्ये त्यांच्या पेंडीचं नाव घ्यायचं. ही जाहिरात नव्हे, शेतीविषयक माहिती.

१६ फेब्रुवारी, रविवार
पहिला कार्यक्रम : ‘लहान समाज, मोठा पडदा’. वीस मिनिटं मी, दहा मिनिटं पेंड. सौ. सुनीती स्वयंपाकघरात होती. म्हणते, तिथून आवाज स्वच्छ येतो.
गजा खूश. “येळ लय सोयीची हाय, मास्तर. तुमी बोलता तवर समद्यांच्या धारा काढून होतात.”
म्हणजे गावाच्या दिनक्रमात कार्यक्रमाला स्थान मिळालं.

२३ फेब्रुवारी, रविवार
येसाजींच्या आग्रहाने सुरुवातीला एक पिक्चरचं गाणं. एकच. संस्कृती म्हणजे हट्ट नव्हे. गाणं संपलं तसे लोक चरव्या घेऊन गोठ्याकडे. तेव्हापासून ओट्यावर फेऱ्या मारतोय. विषय जड पडतो का? छे, लोक हलके पडतात.

२ मार्च, रविवार
घात! येसाजींच्या लेकीच्या, जयाच्या हळदीचं शूटिंग करताना गजाची कॅसेट संपली, तर पठ्ठ्याने माझ्या आजच्या भाषणाच्या कॅसेटवरच पुढचं उतरवलं. पडद्यावर चार मिनिटं मी, आणि एकदम मोतीबाई! धवले, हळद, सगळी भावकी. म्हशी गोठ्यात ओरडताहेत, धारेला कोणी उठेना. “ती बग आपली कोंडी! अगं, माजं लुगडं बग!” बत्तीस घरांत नुसता गिल्ला.
गजा आईची शपथ घेतो, चुकून झालं म्हणून.

३ मार्च
लोकाग्रहास्तव आज पुन्हा तीच हळद. मी आत निषेधाचं पत्र लिहीत होतो. सुनीतीने हाक मारली, “अहो, तुम्ही दिसताय!”
तीन सेकंद. मागच्या रांगेत. तोंडात भजी, आणि मोतीबाईच्या गाण्यावर मान डोलतेय.
तडक दुकानात जाऊन गजाला तेवढा भाग परत लावायला लावला. दोनदा. केवळ तांत्रिक तपासणी म्हणून.
गजाने विचारलं, रविवारच्या भाषणाचं काय करू? म्हटलं, रविवारी मी नाही. कुंभिवलीला मोतीबाईच्या भाचीची हळद आहे. तू कॅमेरा घेऊन ये. मी पुढच्या रांगेत बसेन.