शेवटचा हिरवा मावळा

आई, तुझ्या मावळ्यांबद्दल लिहायचं आहे. हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून तरी खरं लिहीन असं वाटतं.

देहूरोडला ज्या लष्करी साहेबांकडे तू स्वयंपाक करायचीस, त्यांची बदली झाली तेव्हा बाईंनी तुला तो खोका दिला. शिशाचे जड शिपाई, डोक्याला फेटा, खांद्यावर बंदूक, अंगात लाल कोट. दिवाळीच्या किल्ल्यासाठी मावळे हवेत म्हणून मी तुझं डोकं खाल्लं होतं, आणि खोका उघडल्यावर मात्र तोंड वाकडं केलं. हे इंग्रजांचे शिपाई, महाराजांच्या किल्ल्यावर कसे उभे करायचे? बाबांना सांगून त्यांच्या भोसरीच्या वर्कशॉपमधून लेथला लावायचा उरलेला हिरवा रंग आणवलास. मला अजून दिसतं, भाकऱ्या झाल्यात, स्टोव्ह विझलाय, आणि तू ओट्याला टेकून एकेकाचा कोट हिरवा करते आहेस. फेट्यांना बाईंनी जाताना दिलेलं, संपत आलेलं नेलपॉलिश. मिशा काजळाच्या, काडेपेटीच्या काडीने काढलेल्या. बंदुकीचं काय, असं मी विचारलं तर म्हणालीस, "भाला म्हण की. आपल्या किल्ल्यावर आले, आता आपलेच हायेत ते."

दिवाळी झाली की तू त्यांना जुन्या लुगड्याच्या चिंध्यांत गुंडाळून ठेवायचीस आणि पुढच्या वर्षी मिशांवर पुन्हा काजळ फिरवायचीस. एकदा खाली लाल रंग आहे का ते बघायला मी एकाला खिळ्याने खरवडलं. तू तो हातातून काढून घेतलास आणि पाठीत एक धपाटा घातलास. "खरवडू नको. आतलं ऱ्हाऊ दे आत." फारसं न मारणारी तू, म्हणून तो धपाटा लक्षात राहिला. लक्षात राहून उपयोग काय झाला, ते पुढे लिहितो.

मी चाकणच्या एका कंपनीत पेंट शॉपला आहे. गाड्यांचे रंगवलेले भाग तपासायचे, ओघळ दिसला, धुळीचा कण दिसला की रीवर्कला टाकायचा, म्हणजे रंग उतरवून पुन्हा पहिल्यापासून. इतकी वर्षं तेच केल्याने नजरच तशी झाली आहे. घरातल्या भिंतीवरही मी ओघळच बघतो. या नोकरीच्या जिवावर मला एक हौसही लागली, जुन्या खेळण्यातले शिपाई जमवायची. पिंपरी कॅम्पात एक दुकानदार काका आहेत, ते याच नादातले. तू गेल्यानंतर एके रविवारी तुझ्या मावळ्यांचा खोका त्यांच्यासमोर उघडला. त्यांनी एक शिपाई उलटा करून तळ बघितला आणि खुर्ची पुढे ओढली. म्हणाले, हा संच पुरा कुणाकडेच मिळत नाही, लोक एकेका शिपायासाठी आयुष्यभर शोधतात. मग त्यांनी हिरव्या कोटावर नख ठेवलं. "हे काढा राव. कुणीतरी अडाण्याने फासलंय."

मी मान डोलावली. माझ्या आईने रंगवलेत, एवढं वाक्य तोंडापर्यंत आलं होतं. त्यांच्यासमोर मला तुझी लाज वाटली, आई.

वरचा थर तेवढा उतरवायचा आणि खालचा शाबूत ठेवायचा, हे माझं रोजचं काम. कापसाचा बोळा थिनरमध्ये बुडवून हलक्या हाताने पुसत गेलो. लाल कोट असे वर आले की काकांनी फोटो बघून फोनच केला. मीही खूश होतो, कामात रमलो होतो. बोळे हिरवे, काळे होऊन बशीत पडत होते. त्यातला काळा म्हणजे तुझं काजळ, हे मला बशी धुताना कळलं. तोवर एकच मावळा उरला होता, मी खिळ्याने खरवडलेला तो. त्याच्या छातीवर ओरखडा आहे, आणि त्यावर तू नंतर पुन्हा हिरवा हात फिरवलेला दिसतो. इतकी वर्षं मी तो ओघळच समजत होतो.

काका अधूनमधून विचारतात, शेवटचा झाला का? एकामुळे सगळा संच अडलाय. मी त्यांना सांगतो, कंपनीत आम्ही एक नमुना न धुता ठेवतो, तसा ठेवलाय. बायकोला सांगितलं, आईची आठवण म्हणून ठेवलाय. तिने डोळे पुसले आणि तो देवघराशेजारी नेऊन उभा केला. ये-जा करताना तो माझ्याकडे बघतो.

खरं तर त्या दिवशी थिनर संपलं. गुरुवार होता, भोसरीतलं दुकान बंद होतं, म्हणून तो वाचला. शुक्रवारी मी नवी बाटली आणली. ती अजून फोडलेली नाही, एवढंच. पण टाकूनही दिलेली नाही.