विम्यात बसणारी माणसं

१२ जून

ती. ताईस धाकट्याचा सा. न. वि. वि.

न्हाणीत पाय घसरला, असं तू पुन्हा लिहिलंस. ताई, मी खाटीक आहे, आंधळा नाही. परवा ओढणी सरकली तेव्हा गळ्यावर बोटं उमटलेली दिसली. न्हाणी कुणाचा गळा धरत नाही. दाजींचा हात मी केव्हाच मोडला असता, पण तूच आडवी येतेस. त्यांची गोदामातली नोकरी गेली तर नोकरीबरोबर मिळालेला विमा जाईल आणि तुझं फिटचं औषध बंद होईल म्हणतेस. पूर्वी सरकारी विमा लेकुरवाळ्यांना नाहीतर म्हाताऱ्यांनाच मिळायचा, तुझ्यासारख्या बिनलेकराच्या तरण्या बाईला दारातूनच वाटेला लावायचे. आता कमी कमाईच्या कुणाही मोठ्या माणसाला देतात. आमच्या दुकानात फरशी धुणाऱ्या सडाफटिंग गड्यालाही मिळाला. उद्याच्या उद्या जा.

बोललो त्याचा राग धर, पण माया पातळ करू नकोस.

तुझा धाकटा

२० जून

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

गेले होते. विमा कचेरीतल्या बाई म्हणाल्या, ह्यांच्या घरात राहीन तोवर ह्यांचा पगारही धरतात, म्हणून मी सरकारी विम्यात बसत नाही. वेगळी राहून इस्त्रीच्या दुकानातल्या कमाईवर असेन तर बसेन. दुकानाच्या मालकीणबाई माळ्यावरची खोली द्यायला तयार झाल्या. ह्यांना कळलं. ह्यांनी तापलेली इस्त्री माझ्या मनगटावर टेकवली आणि विचारलं, माझ्या विम्यावर जगून मलाच सोडतेस का. कातडी इस्त्रीला चिकटून आली.

आता मी माळ्यावर आहे, अर्ज केलाय. कार्ड येईपर्यंत औषध गोदामाच्याच विम्यावर. तोवर ह्यांच्या अंगाला हात लावशील तर माझी शपथ आहे. तुझा राग कायम नाकावर असतो.

वेळेवर जेव, आणि बहिणीची आठवण ठेव.

तुझी ताई

२४ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

शपथ मोडली. कोठडीतून लिहितोय. गोदामाच्या फाटकात दाजी तुझ्या किंकाळीची नक्कल करून हमालांना हसवत होते. माझ्याकडे हाडं फोडायचा सुरा होता. उलट्या बाजूने हाणला. कोपराखालचं हाड मोडून बाहेर आलं, तेव्हा मी भानावर आलो. मोडक्या हाताचा हमाल गोदामाला नको असतो, त्यांना तिथेच काढून टाकलं. तुझ्या गोळ्या मीच बंद केल्या, ताई.

हव्या तेवढ्या शिव्या घाल, पण पत्रातून घाल.

तुझा धाकटा

९ जुलै

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

गोळ्या संपल्या आणि दुकानातच फिट आली. टेबलाच्या कडेवर डोकं फुटलं, जीभ चावली गेली. समोर असतास तर तुला थोबाडलं असतं. शुद्ध आली ती दवाखान्यात. त्याच दिवशी माझं कार्ड आलं होतं, मालकीणबाई ते घेऊन धावत आल्या. टाके, औषध, सगळं त्यावर झालं.

काल औषधाच्या रांगेत तो भेटला. पगार बुडाल्यामुळे आता तोही सरकारी विम्यात बसतो, हातात सळई घालून घेतलीय. घरी चल म्हणत त्याने सगळ्यांदेखत माझे केस ओढले, टाके उसवले. माझ्या हातात पाण्याने भरलेली स्टीलची बाटली होती. त्याच्या प्लास्टरवर घातली, तो खाली बसेपर्यंत घालत राहिले.

तुझ्यावरचा राग ओसरलाय. लोभ होता तेवढाच आहे, सुटलास की आधी माळ्यावर ये.

तुझी ताई

ता. क. त्याचं हाड पुन्हा बसवावं लागणार आहे. खर्चाची काळजी करू नकोस, विमा आहे त्याचा.